शाळेच्या भिंतीवर फॅरोचं चित्र: प्रमाण कसं सांभाळायचं, रंग कोणते वापरायचे?

घाटंजीचा_मास्तर
नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातल्या एका जि. प. शाळेची बाहेरची भिंत आहे. 10 फूट रुंद, 7 फूट उंच, तोंड पश्चिमेला, सिमेंटचा गिलावा. तिच्यावर सहावी-सातवीच्या पोरांकडून इजिप्तच्या एका राजाचं उभं चित्र आणि शेजारी चित्रलिपीत त्याचं नाव काढून घ्यायचं आहे. वहीत चांगलं उतरतं, पण भिंतीवर घेतलं की डोकं मोठं नि पाय आखूड होतात. गेरू, पिवळी माती, चुना, काजळी, बाभळीचा डिंक गावात मिळतो. विकतच्या रंगांना पैसे नाहीत. त्या लोकांनी प्रमाण कसं साधलं? हेच साहित्य आपल्या पावसात टिकेल का? कोरीव काम जमलं तर अजूनच छान. भिंतीच्या खालच्या 3 फुटांवर जुना ऑइल पेंट आहे.

गुण्या_ओळंबा
गुरुजी, प्रमाण नजरेनं साधत नाही, भिंतीवर चौकोनी घरं आखून साधतं. तिथले कारागीरही तेच करायचे: लाल गेरूत भिजवलेली दोरी भिंतीवर ताणायची, मधून ओढून सोडायची, सरळ रेघ उमटते. आपले गवंडी सूत मारतात तसंच. मग लाल रंगात कच्चं रेखाटन, त्यावर मुख्य चित्रकाराची काळ्या रंगातली दुरुस्ती आणि शेवटी कोरणं. इजिप्तमधल्या राजांच्या खोऱ्यात होरेमहेब राजाची कबर अर्धवट राहिली, त्यामुळे हे सगळे टप्पे तिथल्या भिंतींवर आजही दिसतात.

उभ्या माणसासाठी तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत 18 घरं. डोक्याच्या टोकापर्यंत नाही, केसांच्या रेषेपर्यंत. नेमकं इथेच चुकतं: मुकुटासकट 18 मोजले की सगळं अंग दबतं आणि पाय आखूड होतात. तुमच्या भिंतीवर 3 इंचांचं घर घ्या, म्हणजे केसांपर्यंत 54 इंच. मुकुटासाठी वर 5 घरं सोडा आणि पायाखाली 9 इंचांचा पट्टा. एकूण साडेसहा फूट, 7 फुटांत बसतं.

खालून मोजत गुडघा 6व्या रेषेवर, बसायचा भाग संपतो ती 9वी, बेंबी 11च्या आसपास, लोंबत्या हाताचा कोपर 12, खांदा 16. पुरुषाचे खांदे साधारण 6 घरं रुंद, कंबर जेमतेम सव्वादोन. बाईचे खांदे पाचाच्या आत. बसलेली आकृती केसांपर्यंत 14 घरं. चेहरा बाजूनं, डोळा समोरून, खांदे समोरून, कंबरेखाली पुन्हा बाजूनं. पोरं खांदेही बाजूनं काढतात, तेवढं बघा.

अजून एक. अखेनातेन राजाच्या काळात 18 ऐवजी 20 घरं धरत, म्हणून त्या आकृत्यांची मान नि धड लांबट दिसतं. तुतनखामून राजाच्या कबरीतल्या दफनदालनात दोन्ही आहेत: उत्तरेच्या भिंतीवर 20 घरांचे राजे-देव, दक्षिणेच्या भिंतीवर 18 घरांचे. मोबाइलवरच्या एका चित्रातून डोकं नि दुसऱ्यातून धड घेतलं की बिघडतं. एकच नमुना धरा.

पहिली आडवी रेघ पाणसळीनं, उभी ओळंब्यानं. शाळेच्या फरशीवरून माप घेऊ नका, तिला उतार असतो.

गेरूमाती
रंगांबद्दल. तुमच्या यादीतलं बहुतेक सगळं त्यांच्याही यादीत होतं: लाल नि पिवळी गेरूमाती, काजळी, चुनखडी-जिप्समचा पांढरा आणि बांधायला बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक. आपल्या बाभळीच्या शास्त्रीय नावातच निलोटिका आहे, म्हणजे नाईलकाठची. वेगळा फक्त निळा. वाळू, चुना, तांबं आणि क्षार 850 ते 1000 अंशांवर तासन् तास भाजून तो बनवायचे. शाळेत त्याच्या नादी लागू नका.

पण डिंक पाण्यात विरघळतो. इजिप्तमधल्या लक्सरला, जिथे या कबरी आहेत, पाऊस जवळपास नाही, म्हणून तिथे चाललं. आपल्याकडे पहिल्याच जोरदार पावसात सगळं ओघळेल. डिंकाचे रंग वर्गातल्या भिंतीला ठेवा: एक वाटी कुटलेला डिंक, चार वाट्या गरम पाणी, रात्रभर भिजवून फडक्यानं गाळायचा. डिंक जास्त झाला तर पापुद्रे सुटतात, कमी झाला तर रंग हाताला लागतो.

बाहेर चुन्यातच रंग घाला. विरवलेला चुना दोनदा फडक्यातून गाळा, दुधाइतका पातळ करा. माती-रंग चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर भुकटी झडते. भिंत आधी पाण्यानं भिजवा, पातळ तीन हात द्या. निळ्यासाठी कपड्याची पूड-नीळ चालते. बाटलीतली नीळ उन्हात उडते, आणि प्रशियन ब्लू चुन्यात तपकिरी पडतो. हिरवा हवा तर नीळ आणि पिवळी माती. पुरुषाची कातडी गेरू-तांबडी, बाईची पिवळसर, ही त्यांची रूढी. सोनेरी पेंट आणू नका. भिंतीवर सोन्याचे दागिनेही ते पिवळ्यानंच रंगवत.

ऑइल पेंटवर चुना धरत नाही. खालचे 3 फूट घासून काढावेच लागतील.

घाटंजीचा_मास्तर
खूप उपयोगी, मनापासून आभार. पेंट काढतो. कोरायचं झालं तर गिलाव्यात किती खोल जायचं? आणि नाव कुणाचं सोपं पडेल?

गुण्या_ओळंबा
जुना सिमेंटचा गिलावा कोरू नका, ठिकऱ्या उडतात. छिन्नीनं टोचे मारून भिंत खडबडीत करा, भिजवा, वर 1 भाग चुना नि 3 भाग चाळलेली रेती असा 12 मिलिमीटरचा थर द्या. अंगठा दाबला तर रुतत नाही पण नख ओढलं तर ओरखडा उठतो, ती वेळ कोरायची. 5-6 मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. घरांच्या रेघा कोरताना पुसल्या जातात, म्हणून थराच्या बाहेर दोन्ही कडांना खुणा ठेवा, पुन्हा दोरी मारता येते.

उन्हातल्या भिंतींवर त्यांची पद्धत वेगळी होती. आकृतीभोवतालची सगळी जमीन खरवडण्याऐवजी फक्त बाह्यरेषा आत कापायची. रेषेची बाहेरची कड सरळ उभी, आतली गोलाई देत आकृतीकडे वळवलेली. मग ऊन तिरपं पडलं की कडेत सावली भरते नि आकृती उठून दिसते. तिसऱ्या रामसेस राजाच्या मेदिनेत हाबू इथल्या देवळात तर अक्षरं हात आत जाईल इतकी खोल आहेत. तुमच्या पश्चिमेच्या भिंतीला दुपारी ऊन वरून घासत जातं, तेव्हा सर्वांत चांगलं दिसेल. संध्याकाळी समोरून पडतं, तेव्हा रंगच कामी येतो.

नाव तुतनखामूनचं राज्याभिषेकाचं घ्या, नेबखेपेरूरे. उभ्या लंबगोलात वरून खाली सूर्याचं बिंब, शेणकिडा, तीन उभ्या रेघा, खाली टोपली. चारही खुणा डावी-उजवीकडून सारख्या असल्यानं पोरांकडून उलट्या निघत नाहीत. लंबगोलाच्या तळाशी गाठीची आडवी रेघ विसरू नका. पक्षी किंवा माणसाची खूण घेतली तर तिचं तोंड राजाच्या तोंडाच्याच दिशेला.

गेरूमाती
काम दिवाळीनंतर काढा. एप्रिल-मेच्या उन्हात चुना पिकायच्या आधीच वाळतो आणि हात फिरवला की पांढरा होतो. थर दिल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट लावा, कोरताना तेवढं बाजूला घ्या. रंगाचा पहिला हात गोणपाट काढल्याच्या दुसऱ्या दिवशी.

आणि पायाजवळची ओल आधी बघा. इजिप्तच्या नेफरतारी राणीच्या कबरीतली चित्रं क्षारांनीच उखडली: ओलीबरोबर मीठ वर आलं, गिलाव्याआड त्याचे खडे वाढले आणि रंगासकट थर सुटला. तिथलं जतनाचं काम 1986 ते 1992 चाललं. तुमच्या भिंतीच्या बुडाशी पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसत असेल तर पागोळ्यांचं पाणी आधी दूर वळवा. 9 इंचांच्या पट्ट्यात काही कोरू नका, नुसता काजळी-चुन्याचा राखाडी हात द्या. तो दरवर्षी नव्यानं देता येतो.