ई-क्लासवर सोलर होऊ द्यावं का नाही?

पऱ्हाटीवाला: आमच्या गावच्या ई-क्लासच्या, म्हंजे सरकारी चराईच्या जमिनीच्या, २० एकरावर सोलर प्लांट येऊन रायला, ४ मेगावॅटचा म्हणते. शेतीच्या फिडरले दिवसा लाइन भेटन. माहं म्हणणं, होऊ द्या. रात्री दोन वाजता हरभरा ओलायले जातो तं एका हातात टॉर्च, एका हातात काठी, दांडात साप हाय का पायाखालीच समजते, अन् धुऱ्यावर रानडुकरं. अन् ऊन तं आपल्याच इथचं, मे मध्ये ४५ डिग्री, दणकून वीज होईन.

फेज_गेला: भाऊ, गरमीनं नाही, उजेडानं वीज होते. पॅनलमधल्या सिलिकॉनवर उजेड पडला की इलेक्ट्रॉन हलतात, डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, निघते, इन्व्हर्टर तिची एसी, म्हणजे घरात येते तशी वीज, करतो, मग ट्रान्सफॉर्मर ११ नाहीतर ३३ केव्हीवर चढवून सबस्टेशनला पाठवतो. पॅनलचे वॅट २५ डिग्रीवर मोजलेले असतात, त्याच्यावर दर डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट. मे च्या दुपारी पॅनल ६०-६५ ला जातं, म्हणजे १०-१५ टक्के तिथंच गेले. तुझ्या ४५ डिग्रीचा उलटा तोटाच.

ढोरंवाला: वीज किती होईन ते सोडा, बकऱ्या कुठी न्यायच्या? तारेचं कंपाउंड झालं का चराई बंद. ज्याचं सोताचं वावर हाय त्याले सौर कृषी वाहिनी २.० या सरकारी योजनेत हेक्टरी सव्वा लाख भाडं वर्षाले, दरसाल ३ टक्के वाढ. एकरी ५० हजार झाले, कोरडवाहू कापसात उरते का इतकं? मंग तिथी लावा ना. भूमिहीनाच्या दोन बकऱ्याच काऊन दिसते सगळ्याईले?

पऱ्हाटीवाला: तुह्या घरचा माणूस रात्री ओलायले जात नाही म्हणून बोलतो तू.

ढोरंवाला: माह्या घरी ओलायले वावरच नाही बाप्पा.

साडेसातचा_पंप: माह्याकडं सौर पंप हाय, किमतीचे १० टक्के भरून घेतलेला. आभाळ आलं का धार करंगळीएवढी. पॅनलवर धुळीचा थर बसते, मी सकाळी सकाळीच वल्ल्या फडक्यानं पुसतो, दुपारी तापल्या काचेवर थंडं पाणी मारू नका, तडकते. एक नट निघाला तं कंपनीले फोन लावू लावू थकलो, शेवटी सायकलवाल्याकडून आणून बसवला. म्हणून म्हणतो, गावाचा प्लांट बरा, पण देखभालीचं आधी लिहून घ्या.

फेज_गेला: ढोरंवाल्याचा मुद्दा मला पटतो. स्ट्रक्चर उंच केलं तर खाली चराई होऊ शकते, खर्च वाढतो पण होतं.

पऱ्हाटीवाला: मेंढी चरन, बकरी पॅनलवर चढन.