भत्ता कापला जाईल या भीतीने लोक काम नाकारतात का?

मुक्तछंद : अमेरिकेत अपंगत्व विम्याचा भत्ता घेणाऱ्याने पुन्हा काम धरले, तर चाचणीचे नऊ महिने कितीही कमावले तरी भत्ता पूर्ण मिळतो, मात्र ती मुदत आणि पुढचे तीन सवलतीचे महिने सरले, की कमाईची ठरलेली मर्यादा थोडी जरी ओलांडली तरी त्या महिन्याचा सगळाच भत्ता थांबतो. अशा वेळी मालकाने आठवड्याला एक जादा पाळी देऊ केली, तर ती नाकारण्यातच शहाणपण ठरते. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. मर्यादेवरच्या कमाईतून भत्ता थोडाथोडा कापला, तर अनेक जण कामावर परततील असे माझे मत आहे.

दवबिंदू : आपण सुचवता तो प्रयोग तेथील सरकारने २०११ मध्ये सुरू केला होता. मर्यादेवरच्या दर दोन डॉलरमागे एकच डॉलर कापूनही लाभार्थ्यांच्या सरासरी कमाईत ठळक वाढ दिसली नाही, उलट भत्त्यांवरचा खर्च मात्र वाढला. मुळात किमान वर्षभर टिकणाऱ्या किंवा प्राणघातक ठरू शकणाऱ्या व्याधीमुळे पुरेसे काम होत नाही, हे सिद्ध केल्यावरच हा भत्ता मिळतो. त्यांतल्या बहुतेकांना काम जमतच नसेल, ही साधी शक्यता आपण विचारातच घेत नाही.

आडवाट : दवबिंदू, आपला मुद्दा अर्धाच पटतो, कारण आपण दोघेही फक्त रोख रकमेचा हिशेब मांडत आहात. भत्ता सुरू होण्याआधी पाच महिने आणि मेडिकेअरचा आरोग्य विमा लागू होण्याआधी आणखी चोवीस महिने बहुतेकांना थांबावे लागते. त्यातच अर्ज मंजूर होईपर्यंत कमाई मर्यादेच्या आत ठेवावी लागते, म्हणजे हातातले कसब टिकवण्याच्या काळातच माणूस घरी बसतो. चाचणीच्या मुदतीनंतरही मेडिकेअर किमान त्र्याण्णव महिने चालू राहते हे खरे. पण इतक्या खटपटीने मिळालेले कार्ड पणाला लावताना नियमाच्या कलमावर किती जण विसंबतील?

दवबिंदू : विम्याचा धाक आपण वाढवून सांगत आहात. ओरेगॉन राज्यात २००८ साली कमी उत्पन्नाच्या प्रौढांना सोडत काढून मेडिकेड हा सरकारी आरोग्य विमा दिला गेला, तेव्हा विमा मिळाला म्हणून लोकांनी नोकऱ्या सोडल्याचे दिसले नाही.

आडवाट : त्या सोडतीत विमा नव्याने मिळत होता आणि मी बोलतो आहे ते हाती असलेला विमा जाण्याबद्दल. शिवाय ते सगळे अपंग नव्हते.

मुक्तछंद : प्रयोगाचा मुद्दा मान्य आहे, माझा अंदाज फार आशावादी होता. तरीही त्या प्रयोगातले लोक आधीच भत्त्यावर होते. अर्ज करण्यापूर्वीच, म्हणजे नोकरी अजून हातात असताना, उपचार आणि कामाच्या वेळेत सूट मिळाली असती तर त्यांतले किती जण अर्जापर्यंत पोहोचले असते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.