साताऱ्यात दारू सोडणाऱ्यांची मीटिंग नक्की कुठं भरते? आणि ओळखीचं कुणी भेटलं तर?

कोरेगाव_लाइन:
नमस्कार मंडळी. वय ४१, राहायला कोरेगाव साइडला, नोकरी साताऱ्यात. दारू बंद होऊन आज ४७ दिवस. महिनाभर व्यसनमुक्ती सेंटरला होतो, सुटताना तिथल्या सरांनी बजावलं होतं की गोळ्या संपल्या तरी मीटिंग सोडू नका. नेटवरनं एक पत्ता काढला, गुरुवारी ड्युटी सुटल्यावर गेलो तर शाळेचं गेट बंद, वॉचमन म्हणतो असलं काय इथं भरत नाही. तिथनं पोवई नाक्यापर्यंत चालत आलो आणि पाय कुणीकडं ओढत होते ते माझं मला माहीत. शेवटी बायकोला फोन लावला, ती एसटी लागेपर्यंत बोलत राहिली, कोथिंबिरीचा भाव, पोराच्या दप्तराची तुटलेली चेन, काय पण.

तर चालू असलेली मीटिंग कशी शोधायची? तिथं देवाधर्माचं असतं का, मला ते झेपत नाही. आणि मेन म्हणजे सातारा केवढंसं, राजवाड्यावर शिंकलं तर नाक्यावर ऐकू जातं. कुणी बघितलं तर? आखाड तोंडावर आलाय, गटारीचे मेसेज ग्रुपवर आत्तापासनं सुरू झालेत म्हणून घाई.

विश्रामबागवाला:
भाऊ, ४७ दिवस म्हणजे चेष्टा नाही. मी सांगलीचा, नऊ वर्षं झाली.

बंद गेटचं मनाला लावून घेऊ नका. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची आपसातली संघटना. तिचे ग्रुप बऱ्याचदा शाळेच्या वर्गात नाहीतर कुणाच्या हॉलमध्ये भरतात, स्वतःची बिल्डिंग नसते, त्यामुळं सुट्टी लागली की जागा हलते आणि नेटवरचा पत्ता जुना राहतो. आधी फोन करून वार, वेळ आणि आज नक्की आहे का एवढं विचारायचं मगच निघायचं. नंबर मिळवायला तुमच्याच सेंटरला विचारा. साताऱ्यात दाभोलकरांचं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथंही चौकशी करा. नाहीच जमलं तर सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे १४४४६, फुकट आहे. विचारताना ओपन मीटिंग की क्लोज्ड हे पण विचारा. ओपनला घरच्यांना नेता येतं, क्लोज्ड फक्त आपल्यासारख्यांची.

फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. शेवटी डबा फिरतो, वाटलं तर दहा रुपये टाका नाहीतर पुढं सरकवा. देवाचं म्हणाल तर एएच्या ज्या बारा पायऱ्या असतात, दारू सोडायचे टप्पे, त्यांमध्ये ईश्वर आहे पण 'आपल्याला समजेल तसा', आमच्यात एक पक्का नास्तिक आहे तो ग्रुपलाच देव धरतो. हे सगळं १९३५ ला अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघं दारुडे एकमेकांशी बोलत बसले त्यातनं सुरू झालंय, कुणी बुवा-महाराज नव्हता.

आता ओळखीचं. माझ्या पहिल्या मीटिंगला दारातनं आत बघितलं तर समोर आमच्या पतसंस्थेचा वसुलीवाला! सहा महिने ज्याला चुकवत गल्लीबोळातनं हिंडत होतो तोच. मी मागं वळलो तर तो म्हणाला, बसा हो, इथं हप्ता मागत नाही. चहा त्यानंच आणून दिला. (हप्ता नंतर पतसंस्थेत मागितलाच, ते वेगळं.)

सुगरण_तासगाव:
दादा, तुमच्या बायकोसाठी लिहिते. घरच्यांची वेगळी मीटिंग असते, अल-अ‍ॅनॉन. माझ्या मिस्टरांच्या वेळी मी बाटल्या मोजायचे, खिसे तपासायचे, आणि एका बाईच्या सांगण्यावरनं आमटीत कसली तरी पावडर घालायला निघाले होते. मीटिंगमधल्या एका काकूंनी हात धरला म्हणून वाचलो. न सांगता दिलेल्या औषधावर माणूस प्यायला तर जिवावर बेततं, असलं औषध डॉक्टरांनी आणि त्याला माहीत असतानाच द्यायचं असतं. वहिनींनी त्या रात्री कोथिंबिरीचा भाव सांगितला ना, लय भारी बाई आहे ती.

नवीन_आयडी_३:
मी रोज दोन क्वार्टर घेतो, सकाळी हात थरथरतात. उद्यापासनं एकदम बंद करून परवा मीटिंगला गेलो तर घेतील का?

विश्रामबागवाला:
@नवीन_आयडी_३ घेतील, सोडायची इच्छा एवढीच अट आहे. पण भावा, रोजची आणि हात थरथरण्याइतकी असेल तर घरी एकदम बंद करू नकोस, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भास होतात, भ्रम होतो, माणूस दगावतो सुद्धा. आधी सिव्हिलला मानसोपचार विभागात जा, खरं किती पितो ते सांग, कमी करून सांगू नकोस. ते गोळ्या आणि बी-वन व्हिटॅमिन देऊन उतरवतात. मीटिंग त्याच्या जोडीला. उद्याच जा, आणि इथं कळव.

कोरेगाव_लाइन:
अपडेट. फोन केला, जागा खरंच बदलली होती. आज जाऊन आलो. बालवाडीचा वर्ग, बाकं एवढीशी की गुडघे छातीला लागत होते, भिंतीवर क कमळाचा. नाव सांगायची पाळी आली तेव्हा घसा सुकला, नुसतं नाव सांगून बसलो, कुणी पुढं विचारलं नाही. ओळखीचं एक जण निघालं. कोण ते सांगणार नाही, त्यालाही मी कुणाला सांगितलेलं चालणार नाही.

बायको पुढच्या ओपनला येते म्हणाली. @नवीन_आयडी_३ सिव्हिलला गेलास का? आणि मीटिंग सुटून माझी एसटी चुकते, कोरेगावकडं टू-व्हीलरवर कुणी जाणारं असेल तर पर्सनलला मेसेज टाका, पेट्रोल निम्मं माझं.