मदत हवी आहे: ताई चीमध्ये ‘कोषातून रेशीम काढल्यासारखं’ हलायचं म्हणजे नेमकं कसं?

नीलमोहर
नमस्कार मंडळी. ताई चीच्या यांग शैलीतला २४ हालचालींचा संच (१९५६ सालचा, चीनच्या क्रीडा विभागाने बसवलेला) क्रमाने पाठ आहे. आता शिक्षक सारखं सांगतात, कोषातून रेशीम काढल्यासारखं हला. मी ते हळू हलणं असं धरून चालले आहे, पण हळू केलं की हात थरथरतो आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना सगळंच क्षणभर थांबतं. ‘ढगांसारखे हात’ करताना डावा गुडघा आतल्या बाजूने दुखतो, तो प्रश्न वेगळा की त्यातलाच, कळत नाही. ही उपमा शरीरात लावायची कुठे? धागा हाताने ओढायचा का?

कोषकार
हाताने मुळीच ओढू नका. घोटाळा तिथेच होतो, कारण ‘रेशीम काढणं’ म्हटलं की चिमटीत धरलेला धागा डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. कोष गरम पाण्यात शिजवतात, त्याने धागा चिकटवून ठेवणारं सेरिसिन मऊ पडतं. मग ब्रशने वरची गुंतलेली जाळी काढून टाकायची, ती वाया जाते. एकसलग टोक हाती लागलं की आठ-दहा कोषांची टोकं एकत्र करून बारीक भोकातून वर नेतात आणि फिरत्या रहाटावर गुंडाळतात. कोष पाण्यात मोकळा तरंगतो, नाचतो, उलगडत जातो. ओढ असते ती रहाटाची. बोटं लागतात तुटलेलं टोक जोडायला. चांगल्या बायव्होल्टाइन (वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या जातीच्या) कोषातून हजार मीटरच्या आसपास सलग धागा निघतो. रहाट थांबवून झटक्याने पुन्हा फिरवला तर तो तुटतो. कोष कच्चा शिजला असेल तर धागा अडकून तुटतो आणि जास्त शिजला तर गुठळ्या येतात.

तुमच्याकडे रहाट म्हणजे कंबर आणि तिला फिरवणारे पाय. हात म्हणजे धाग्याचं टोक. हात थरथरतोय, म्हणजे तो खांद्याच्या जोरावर एकटाच चाललाय. खांदे खाली सोडा, कोपर खांद्यापेक्षा खाली आणि किंचित वाकलेलं ठेवा. मग हाताकडे लक्षच न देता फक्त कंबर डावी-उजवीकडे वळवून बघा, हात किती आपोआप जातो ते. तेवढाच जाऊ द्या. सुरुवातीला हे फारच थोडं वाटेल, पण खरं तेवढंच आहे.

नीलमोहर
धन्यवाद, रहाट कुठला ते आता लक्षात आलं. म्हणजे हळू करणं हा मुद्दा नाहीच का? पूर्ण संचाला किती वेळ लागावा?

शांतपाणी
या संचाला साधारण चार ते सहा मिनिटं. त्यापेक्षा जलद झाला तरी सध्या चालेल, वेग मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच हवा.

थांबणं पकडायला मोबाइलवर बाजूने व्हिडिओ घ्या आणि दुप्पट वेगाने बघा. नेहमीच्या वेगात निसटणारे अडखळे लगेच दिसतात. बहुतेक वेळा ते पाऊल टेकल्यावर वजन पुढे जाण्याआधी असतात, नाहीतर टाचेच्या लाथेआधी, नाहीतर हाताची दिशा बदलते तिथे. उपाय एकच: पहिली हालचाल बोटभर शिल्लक असतानाच कंबर पुढच्या दिशेला वळू लागली पाहिजे. हात अजून जुन्याच वाटेने जात असतो, त्यामुळे तिथे कोपरा न होता छोटं वळण होतं. ‘ढगांसारखे हात’मध्ये हे सर्वात स्वच्छ कळतं.

गुडघ्याचं दुखणं त्यातलंच. पाऊल जमिनीला रुतलेलं आणि कंबर जांघेच्या सांध्याच्या आवाक्याबाहेर वळवली, की उरलेला पीळ गुडघ्यात उतरतो. गुडघ्याला तो पेलत नाही. दोन्ही पावलं समांतर ठेवा, बैठक चार बोटं वर घ्या आणि गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहते का बघा. वाटी आत कलू लागली की तिथेच वळण संपलं, हात कुठेही असला तरी. जिथे पाऊल फिरवायचं असतं तिथे आधी वजन मागच्या पायावर न्या, चवडा उचला, साधारण ४५ अंश बाहेर वळवा, मग वजन त्यावर आणा. वजनाखाली पाऊल घासत फिरवू नका. सूज आली किंवा जिना उतरताना दुखू लागलं तर सराव थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

चंद्रकोर
ताई चीच्या चेन शैलीत या ‘रेशीम काढण्या’चा वेगळा व्यायामच आहे. चेन घराण्याचं गाव हेनान प्रांतात, वेन परगण्यात. त्याच घराण्यातल्या चेन शिन (१८४९–१९२९) यांनी अंगाभोवती फिरत जाणाऱ्या या वळणांच्या आकृत्या काढल्या, त्या १९३३ मध्ये, त्यांच्या मागे छापल्या गेल्या.

एका हाताचा प्रकार यांग शैलीवाल्यांनाही उपयोगी पडतो. पाय खांद्यांच्या दीडपट रुंद, डावा हात कमरेवर, वजन उजवीकडे, उजवा हात उजव्या बाजूला खांद्याच्या उंचीवर, तळवा बाहेर. कोपर खाली सोडा. वजन डावीकडे सरकताना हात पोटापुढे येतो आणि करंगळीच्या बाजूने वळत तळवा वर होतो. तिथून डाव्या खांद्यापुढे चढतो. मग वजन उजवीकडे जाताना अंगठ्याच्या बाजूने वळून तळवा पुन्हा बाहेर. डोळ्यांच्या वर हात नेऊ नका. मनगट आधी वळून कंबर मागून येत असेल तर पीळ पोकळ आहे, तेव्हा वर्तुळ लहान करा. प्रत्येक हाताने दहा-बारा वेळा, रोज.

कोषकार
एक गोष्ट राहिली. ही उपमा ढकलण्याच्या हालचालींना पुरत नाही, कारण धागा ओढता येतो, ढकलता येत नाही. दोन्ही तळव्यांनी पुढे दाबताना मागच्या पायाच्या तळव्यातून जोर येऊ द्या: पाय जमीन मागे लोटतो, मांडी, कंबर, पाठ, आणि शेवटी हात. कुणाला तरी हातावर हलकेच दाब द्यायला सांगा. खांदा वर उचलला गेला तर जोर हातातच अडकला आहे. मागची टाच जड झाली तर तो जमिनीपर्यंत पोचतोय.