‘ऐकणं’, ‘ऐकून घेणं’ की ‘अवधान’?

लातूरला समुपदेशनाचा बेसिक कोर्स करायलेय, सायकोडायनॅमिक पद्धतीचा, म्हणजे मनात नकळत चाललेल्या गोष्टी समजून घ्यायच्या पद्धतीचा. नोट्स मराठीत काढायच्यात. लिसनिंग आणि सेल्फ रिफ्लेक्शनला काय लिहू? सगळीकडं ‘सक्रिय श्रवण’ आन ‘आत्मपरीक्षण’ दिसतंय, मला ते पटंना.

– ताई, नुसतं ‘ऐकणं’ लिहू नका. ‘पोरगं ऐकत नाई’ म्हणजे त्याला ऐकू येत नाई असं नसतंय, सांगितलेलं करत नाई असं असतंय. ‘ऐकून घेणं’ जवळचंय, पण त्यात बोलणी खाल्ल्याचा अर्थ येतो, ‘सासूचं ऐकून घेतलं’. मी ‘अवधान’ म्हणेन. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच श्रोत्यांकडं अवधान मागितलंय, आन कीर्तनामुळं आपल्या लोकांना तो शब्द परका नाई. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडनं 1912 मधे डॉक्टरांना ज्या सूचना लिहिल्या त्यात हेच आहे की एकाच गोष्टीवर मुद्दाम लक्ष रोखू नका, सगळ्याला सारखं लक्ष द्या, कारण आधीच निवडत बसलात तर तुम्हाला जे माहितीय तेवढंच सापडंल. म्हणजे एखादी बाई म्हणाली, ‘जीव घाबरा होतोय, बाकी घरी सगळं चांगलंय’, तर लगेच बीपीचं विचारायचं नाई आन ‘सगळं चांगलंय’ हेबी सोडून द्यायचं नाई, ती कुठं थांबली, कुणाचं नाव आल्यावर आवाज बारीक झाला, सगळं सारखंच मनात येऊ द्यायचं. म्हणून ‘सम अवधान’ लिहा.

‘आत्मपरीक्षण’ तर नकोच. परीक्षण म्हटलं की माणूस स्वतःची चूक हुडकायला लागतो. इथं बघायचंय ते हे, की समोरची बोलत असताना मला राग का आला, झोप का आली, सल्ला द्यायची एवढी घाई का झाली. फ्रॉइडनं 1910 मधे याला प्रतिसंक्रमण म्हटलं ते अडचण म्हणून, त्यावर मात करा म्हणून. मनोविश्लेषक पाउला हायमान यांनी 1950 च्या निबंधात उलट मांडलं, की ऐकणाऱ्याच्या मनात उठणारी भावना हे समोरच्याचं मन समजून घ्यायचं साधनच आहे. अर्थात तो राग तिच्याकडून आलाय की माझ्याच घरचा जुनाय, हे ओळखता यायला पाहिजे, त्याशिवाय साधन कामाचं नाई. त्याला ‘आत्मभान’ बरंय, ते तिथं बसल्या बसल्या ठेवता येतं.

– सहमत. तिघातिघांचा सराव करताना, एक बोलणार, एक ऐकणार, एक बघणार, आम्ही ‘तुझ्यात काय हललं?’ असंच विचारतो. पोरींना ते लगेच कळतं, आन डायरीतबी त्या तसंच लिहायल्यात.