‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे किरकोळ पाऊस का? वादळी पावसाच्या अंदाजातले शब्द

शब्दवेल्हाळ : एप्रिल-मेमध्ये हवामान खात्याच्या अंदाजात साधारण असं वाक्य असतं : ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ४० ते ५० किमी वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्यासह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता.’ यातल्या तुरळक, हलका, मध्यम या शब्दांना काही माप ठरलेलं आहे का? आणि वळीव असताना सगळे ‘अवकाळी’ का म्हणू लागले?

मेघदर्शी : माप ठरलेलं आहे. ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द व्याप्ती सांगतात, जोराबद्दल काहीच बोलत नाहीत. त्या विभागात पाऊस मोजणारी जेवढी केंद्रं आहेत, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर किमान २.५ मिमी पाऊस होईल, इतकाच अर्थ. २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’. त्यावर ५१ ते ७५ आणि ७६ ते १०० अशा आणखी दोन पायऱ्या आहेत, त्यांना ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘बहुतेक सर्व ठिकाणी’ असं म्हणतात. शब्द पत्रकागणिक थोडे बदलतात.

वळवाचा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंदीचा, आयुष्य तासाभराचं. असे पाच-सहा ढग जिल्ह्यात फुटले तरी बहुतेक केंद्रं कोरडीच राहतात, म्हणून अंदाज ‘तुरळक’ असतो. ज्या शिवारावर ढग येतो तिथे मात्र वारा, वीज, गारा सगळं पूर्ण ताकदीनं येतं. तुरळक वाचून कांद्यावर ताडपत्री न टाकणं फार महागात पडतं.

बांधावरून : व्याप्तीचं पटलं. पण अर्ध्या तासात ओढ्याला पाणी येतं, तरी नोंद ‘मध्यम’च. हे कसं?

मेघदर्शी : वर्ग २४ तासांच्या बेरजेवर ठरतात, सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी ८:३०. १५.५ मिमीपर्यंत हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ पासून मुसळधार. श्रावणात दिवसभर रिपरिपून ४० मिमी झाला तर बराचसा जमिनीत मुरतो. वळवात तेच ४० मिमी अर्ध्या तासात पडतात. एकरावर ४० मिमी म्हणजे सुमारे १ लाख ६२ हजार लिटर पाणी. तापून कडक झालेली जमीन ते इतक्या वेगानं पिऊ शकत नाही, आणि उताराच्या नांगरलेल्या रानातली माती घेऊनच ते ओढ्याला जातं. वादळी अंदाजात पावसाच्या शब्दाआधी वाऱ्याचा आकडा वाचावा, असं माझं ठाम मत आहे.

रडारवाचक : वाऱ्याबद्दल पूर्ण सहमत. परिभाषेत एक नेमका शब्द आहे, चंडवात. वाऱ्याचा वेग अचानक किमान २९ किमीनं वाढून ताशी ४० किंवा जास्त व्हावा आणि तो निदान एक मिनिट टिकावा, तेव्हा चंडवात. ढगातून पडणारा पाऊस कोरड्या हवेत वाटेतच सुकू लागतो, हवा थंड आणि जड होते, खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. त्यामुळे धूळ आणि गार वारा पावसाच्या आधी येतो. १३ मे २०२४ ला मुंबईत असंच धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरचा अजस्र जाहिरात फलक कोसळला.

‘चक्राकार वारे’ वाचून मात्र चक्रीवादळ समजू नये. ती वरच्या हवेतली एक स्थिती आहे. चक्रीवादळ म्हणायला समुद्रावरच्या प्रणालीत वारे ताशी ६२ किमीवर टिकून वाहावे लागतात.

शब्दवेल्हाळ : आणि वळीव-अवकाळी?

मेघदर्शी : खात्याच्या हिशेबात मार्च ते मे हा मोसमपूर्व हंगाम आहे आणि त्या पावसाची सरासरीही ठरलेली आहे. तेव्हा मेमधल्या दुपारच्या गडगडाटी पावसाला वळीवच म्हणावं. काढणीच्या गव्हा-हरभऱ्यावर येणारा पाऊस तो अवकाळी.

बांधावरून : इथे असहमत. खळ्यावर हळद वाळत असताना येणारा पाऊस शेतकऱ्याला अवकाळीच. शब्द पिकाच्या वेळेवरून ठरतो, कॅलेंडरवरून नाही. गारांचं मात्र वेगळं दिसतं, मेपेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त मार बसतो.

रडारवाचक : त्याला कारण आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये शून्य अंशाची पातळी, म्हणजे हवेचं तापमान शून्यावर येतं ती उंची, खाली असते, गारेला वितळायला कमी अंतर मिळतं. मेमध्ये ती आणखी वर सरकते, लहान गारा वाटेतच विरघळतात. २०१४ ची मोठी गारपीट फेब्रुवारी-मार्चचीच होती.

शब्दवेल्हाळ : मग यलो अलर्ट असूनही नुसता उकाडा राहतो, तेव्हा काय बिनसतं?

रडारवाचक : बहुतेकदा ‘झाकण’ फुटत नाही. खाली समुद्रावरून आलेली दमट हवा, वर दीड-दोन किलोमीटरवर उष्ण कोरडा थर. जमिनीवरची हवा पुरेशी तापली नाही तर ती या थराला भेदू शकत नाही. वरच्या हवेचं तापमान मोजायला पहाटे ५:३० ला सोडलेल्या फुग्याचं निरीक्षण घेताना त्यात दुपारचं अपेक्षित तापमान आणि दवबिंदू (हवेतल्या बाष्पाचं माप) घालून पाहावं लागतं. तापमानाचा अंदाज दोन अंशांनी हुकला तरी निकाल उलटतो. शिवाय यलो म्हणजे ‘लक्ष ठेवा’, ऑरेंज म्हणजे ‘तयार राहा’, रेड म्हणजे ‘कृती करा’. यलोमध्ये हमी नसतेच.

कोणत्या तालुक्यावर ढग येणार हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. त्यासाठी दुपारी दोननंतर खात्याचा पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप पाहावं. रानात असाल तर वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की पक्क्या घरात जायचं, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.