प्रत्यय चुकतात, गोष्ट नाही चुकत
कर्णबधिर मुलांच्या लिखाणात चुका दिसल्या की "रोज दहा ओळी शुद्धलेखन काढून घ्या" असं सुचवतात ना, त्यावर जरा वेगळं सांगते. माझी भाची जन्मापासून कर्णबधिर, तिसरीत आहे, इथेच पुण्यात. बघून लिहायला दिलं तर एक चूक नाही, पण स्वतःचं लिही म्हटलं की 'आई मी मंडई गेला पेरू घेतला'. आता यात गोष्ट अख्खी आहे, नाहीयेत ते ने, ला, त. बोलताना हे इतके पटकन जातात की कानाला ऐकण्याचं मशीन लावूनही निसटतात, आणि ओठांवरून तर बाबा, मामा, पापा तिन्ही सेमच दिसतात! शिवाय खुणांच्या भाषेचं व्याकरणच वेगळं, त्यात हे प्रत्यय नाहीतच, मग ती आणणार कुठून?

आम्ही आता आधी तिला खुणांनी सांगायला लावतो, मोबाईलवर शूट करतो, मग व्हिडिओ थांबवत थांबवत ती लिहिते आणि प्रत्यय मी रंगीत चिठ्ठ्यांवर देते, कुठला कुठे चिकटवायचा ते तिने ठरवायचं. परवा 'त' उचलून बरोब्बर 'मंडईत' केलं आणि त्याच जोशात 'पेरूत घेतला' पण केलं, हसून हसून पुरेवाट झाली आमची. लाल पेन मात्र सध्या कपाटात.